ठेव आहे, खातेदार फिरकत नाही

आमच्या बँकेत एक जाडजूड रजिस्टर असे. ज्या खात्यांत वर्षानुवर्षे कोणी पैसे भरले नाहीत की काढले नाहीत, अशा खात्यांची त्यात नोंद असायची. कोणा आजीने नातवाच्या नावाने ठेवलेली रक्कम, कोणी बदली होऊन परगावी गेलेला कारकून, कोणी वारसाचे नाव न लावताच गेलेला म्हातारा. दहा वर्षे कोणी फिरकले नाही, तर अशी रक्कम आता रिझर्व्ह बँकेच्या एका वेगळ्या निधीकडे वर्ग होते. २०१४ सालापासूनचा तसा नियमच आहे. वारस उद्या पुढे आला तर पैसे त्याला मिळतात. पण त्याने आधी यायला तर हवे! आपल्या नावावर काही आहे, हे तरी त्याला ठाऊक हवे.

गेल्या महिन्यात नातवंडांना घेऊन शनिवार-रविवार मुंबईतली संग्रहालये पाहत हिंडलो, तेव्हा या रजिस्टराची मला पुनःपुन्हा आठवण झाली.

निमित्त घडले ते नातवाच्या शाळेचे. 'आपल्या शहराचा वारसा' असा काहीसा विषय त्याला मिळाला होता. मोबाइलवरून चार चित्रे काढून चिकटवली असती तर काम भागले असते. पण त्याने विचारले, "आजोबा, तुमची बँक त्या घुमटाच्या म्युझियमजवळच होती ना? मग आत काय काय आहे?" मी गप्प बसलो. फोर्टातल्या शाखेत मी सतरा वर्षे काढली. तो घुमट रोज पाहिला. पण आत गेलो ते दोनदाच, आणि दोन्ही वेळा गावाहून आलेल्या पाहुण्यांना दाखवायला म्हणून. मी कादंबऱ्या लिहितो. माझ्या एका कादंबरीचा नायक त्या आवारातल्या झाडाखाली बसून नोकरीचा राजीनामा लिहितो. त्याला मी आत नेलेला नाही, कारण आत काय आहे हे त्याच्या लेखकालाच धड ठाऊक नव्हते! हे ऐकून आमची सौ. एवढेच म्हणाली, "मग आता तरी जाऊ या. रिटायर झाल्यावर जाऊ, असं तुम्ही म्हणाला होता. त्यालाही सहा वर्षं झाली."

तेव्हा शनिवारी सकाळी डोंबिवलीहून निघालो. दोघे आम्ही, अकरा वर्षांचा नातू, आठ वर्षांची नात आणि पोळीभाजीचे डबे. रात्री गिरगावात मामेबहिणीकडे मुक्काम ठरला होता.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय हे नाव आता सर्वांच्या तोंडी रुळले आहे. १९९८ पूर्वीचे नाव प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. १९०५ साली युवराजांच्या हस्ते कोनशिला बसली, पुढे विटेट नावाच्या वास्तुकाराने विजापूरच्या गोलघुमटाची आठवण देणारी ही इमारत रचली. १९१४ साली ती उभी राहिली, पण महायुद्ध आले आणि इमारतीचे लष्करी इस्पितळ झाले. लोकांसाठी दारे उघडली ती १९२२ च्या जानेवारीत. नाव युवराजाचे असले तरी पैसा काही राजवाड्यातून आला नव्हता. सर करीमभाई इब्राहिम, सर कावसजी जहांगीर अशा मुंबईकर धनिकांनी थैल्या सोडल्या होत्या. शेठ पुरुषोत्तम मावजींचा संग्रह १९१५ मध्ये विकत घेतला गेला. त्यात एके काळी नाना फडणविसांकडे असलेल्या वस्तूही होत्या. पुढे सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा या बंधूंचे संग्रह आले. म्हणजे एक मुसलमान व्यापारी, एक गुजराती शेठ, काही पारशी घराणी आणि एक मराठी मुत्सद्दी अशा सगळ्यांची ही एकत्रित ठेव. असे संयुक्त खाते मी बँकेच्या नोकरीत कधी पाहिले नाही.

नातीला सर्वांत आवडला तो पेंढा भरलेल्या प्राण्यांचा विभाग. नातू अकबराच्या चिलखतापाशी अडला. मी मात्र एका शिल्पासमोर उभा राहिलो आणि बराच वेळ हललो नाही. एका शिवातून दुसरा, त्यातून तिसरा, दोन्ही बाजूंनी आणखी आकृती उमलत गेलेल्या, असे ते सात आकृतींचे परळचे शिल्प. १९३१ साली परळ-शिवडीकडच्या रस्त्याचे काम चालू असताना ते जमिनीतून निघाले. इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराचे. मूळ मूर्ती परळच्या बारादेवी मंदिरातच आहे. संग्रहालयाजवळ आहे तो तिचा साचा घेऊन केलेला ठसा. माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेवाले होते. आम्ही लालबागच्या चाळीत राहायचो आणि वडील बारादेवीला नेमाने जात. त्यांनी तो शिव देव म्हणून पाहिला, हात जोडले आणि पाळीवर गेले. दीड हजार वर्षांपूर्वीच्या कोणा कारागिराची कमाल म्हणून मी तो साठी उलटल्यावर पाहत होतो, आणि तोही ठशात. दोघांनी पाहिलेले एकत्र केले असते तर ते शिल्प आमच्या घराला पुरते कळले असते, असे उगाच वाटून गेले.

संग्रहालयातून बाहेर पडलो की दोन पावलांवर जहांगीर कलादालन. १९५२ पासूनचे, आणि आत शिरायला तिकीट नाही. तरीही दारात आमची पावले अडखळली. सौ. म्हणाली, "आपल्याला काय कळतंय त्यातलं?" हे वाक्य मी काउंटरच्या आतून असंख्य वेळा ऐकले आहे. पासबुक हातात घेऊन दाराशी उभी राहणारी माणसे हेच म्हणत. स्वतःचेच पैसे काढायला आलेली, पण चप्पल काढून आत येऊ का, असे विचारणारी. काच, गुळगुळीत फरशी आणि इंग्रजी बोलणारा माणूस, एवढे तीन पहारेकरी पुरतात. चौथा लागत नाही. मुंबईतल्या एका दालनात, नाव सांगत नाही, सौ. दमून एका बाकावर टेकली तर तिथल्या मुलाने तिला इंग्रजीत उठायला सांगितले. ते बाक प्रदर्शनातले होते म्हणे! चूक कोणाचीच नव्हती. बाक बाकासारखे दिसत होते आणि बाई दमली होती. पण ती पाटी मराठीत असती, किंवा त्या मुलाने "काकू, जरा इकडे बसा" म्हटले असते, तर तिचा उरलेला दिवस कोमेजला नसता.

आता विश्लेषक म्हणवणारी मंडळी सांगतात की लोकांना या गोष्टींत रुचीच नाही. मला हे मान्य नाही. दरवर्षी काळा घोडा कला महोत्सव भरतो, १९९९ पासून. तिथे पाऊल ठेवायला जागा नसते. २०१२ साली इजिप्तच्या ममीचे प्रदर्शन याच संग्रहालयात आले, तेव्हाही गर्दी उसळली होती. आमच्या डोंबिवलीत १९९९ साली गुढीपाडव्याची शोभायात्रा निघाली आणि पाहता पाहता ती प्रथा महाराष्ट्रभर गेली. ज्या माणसांना रुची नाही ती पहाटे पाचला उठून रांगोळ्या घालत नाहीत. रुची आहे. अडते ते दुसरीकडेच.

पहिली अडचण अंतराची. हे शहर गेल्या पन्नास वर्षांत हलले, त्याची संग्रहालये मात्र जागची हलली नाहीत. गिरगाव, लालबाग, परळ, दादर इथली मराठी कुटुंबे ठाणे, डोंबिवली, बदलापूर, वसई, विरारला गेली. कोणी मोठ्या जागेसाठी, कोणी गिरणी बंद पडली म्हणून. कल्याण-बदलापूरच्या पट्ट्यात लक्षावधी माणसे राहतात, पण मुलाचा हात धरून न्यावे असे एक मोठे संग्रहालय मला तिथे आठवत नाही. नाट्यगृहे झाली, मैदानांवर महोत्सव होतात, वाचनालये टिकून आहेत, संग्रहालय नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात भुयारी मेट्रो पार कफ परेडपर्यंत धावू लागली, हुतात्मा चौकात स्थानक झाले. आनंदाची गोष्ट. पण डोंबिवलीच्या माणसाला अजून लोकलच, आणि लोकल म्हटली की रविवारचा मेगाब्लॉक आलाच. ज्या एका दिवशी नोकरदार कुटुंबाला सवड, नेमका त्याच दिवशी रूळ दुरुस्तीला. रेल्वेचाही नाइलाज आहे, दुरुस्ती कधीतरी करावीच लागते. पण परिणाम असा की जिथे रोज पोटासाठी जावे लागते, तिथे आनंदासाठी जाण्याचा उत्साहच माणसाला उरत नाही.

रविवारी सकाळी गिरगावातून भायखळ्याला गेलो. राणीच्या बागेसमोर ही रांग! पेंग्विन पाहायला. २०१७ मध्ये ते लोकांना दिसू लागले तेव्हापासून बागेचे भाग्य पालटले आहे. आम्हीही पाहिले, नात तिथून हलायला तयार नव्हती. त्याच आवाराच्या कडेला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, मुंबईतले सर्वांत जुने. तिकीट मोजक्या रुपयांचे. पण तिकडे वळणारी माणसे मी मोजली असती तर हाताची बोटे पुरली असती.

या संग्रहालयाची कथा प्रत्येक बँकवाल्याने वाचावी अशी आहे. आधीचा छोटा संग्रह फोर्टातल्या सरकारी जागेत होता. १८५७ च्या धामधुमीत ती जागा लष्कराला हवी झाली आणि वस्तूंची वाताहत झाली. तेव्हा नव्या इमारतीसाठी वर्गणी जमवायला पुढे आले ते जॉर्ज बर्डवुड, नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी. भाऊ दाजी मूळचे गोव्यातल्या मांद्रे गावचे. ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या डॉक्टरांपैकी एक, आणि दवाखाना सांभाळून शिलालेख वाचणारे संशोधक. १८६२ साली कोनशिला बसली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव होता, वर्गणीही सढळ हाताने येत होती. १८६५ मध्ये ते युद्ध संपले, कापूस कोसळला, शेअरबाजार बुडाला, आणि त्या तडाख्यात पुढे बँक ऑफ बॉम्बेसुद्धा मोडली. बांधकाम थांबले. नाना शंकरशेट त्याच वर्षी गेले. अखेर सरकारला काम हाती घ्यावे लागले आणि १८७२ च्या मे महिन्यात संग्रहालय खुले झाले. ते राणी व्हिक्टोरिया आणि तिच्या नवऱ्याच्या नावाने. भाऊ दाजींचे नाव त्याला मिळायला १९७५ साल उजाडावे लागले.

पुढे या वास्तूचीही हेळसांड झाली. २००३ मध्ये महापालिका, इन्टॅक ही वारसा जपणारी संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान एकत्र आले, जीर्णोद्धार झाला, २००५ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये दारे पुन्हा उघडली. पैसा कोणाचा, या वादात आपण नेहमी दोन टोकांना जातो. एक म्हणतो सरकारने करावे, दुसरा म्हणतो सरकारने हातच लावू नये. इथे पालिकेची मालकी, जाणकारांचे ज्ञान आणि उद्योगपतींची देणगी अशा तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, म्हणून काम तडीस गेले. वांद्रे-कुर्ला संकुलात २०२३ साली एका उद्योगसमूहाने दोन हजार आसनांचे देखणे नाट्यगृह असलेले सांस्कृतिक केंद्र उभारले. त्यालाही माझा विरोध नाही. पण खासगी वास्तूत आपण पाहुणे असतो. यजमानाने बोलावले तर जायचे, नाही बोलावले तर रुसायचा अधिकार नाही. भायखळ्याला आपण मालक आहोत, आणि मालकच तिकडे फिरकत नाही.

त्या संग्रहालयाच्या बाहेर एक दगडी हत्ती आहे. घारापुरीच्या बेटावरचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटले. १८६४ मध्ये तो विलायतेला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आणले गेले आणि १९१४ साली पुन्हा जोडले. नातवाने त्याचा सांधा बोटाने दाखवला. मी म्हटले, "बरं झालं क्रेन मोडली. नाहीतर तुला हा पाहायला लंडनचा व्हिसा लागला असता."

आत मातीच्या छोट्या बाहुल्यांची कपाटे आहेत. निरनिराळ्या जातीजमातींची, निरनिराळे धंदे करणारी माणसे. लहानपणी वडील मला वर्षातून एकदा राणीच्या बागेत आणत आणि येताना इथे घेऊन येत. ते या कपाटांपाशी नेहमी रेंगाळत. एकदा म्हणाले होते, "सगळे कारागीर आहेत बघ. गिरणीवाला नाही." मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. त्यात वाईट वाटण्यासारखे काय, हे मला कळले नव्हते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यांतले बहुतेक पुन्हा साच्यावर गेलेच नाहीत. वडीलही गेले नाहीत. मी नुकताच बँकेत लागलो होतो म्हणून आमची चूल पेटत राहिली. पुढे गिरण्यांच्या जागी मनोरे आले. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या आवारात वस्त्रोद्योगाचे संग्रहालय करायचे ठरले, आणि ते काम वर्षानुवर्षे रेंगाळले. मधल्या काळात साचे भंगारात गेले, साचा चालवणारे हात एकेक करून गेले. वस्तू जपता येते, पण धोट्याचा आवाज कसा होता, हे सांगणारा माणूस काचेत ठेवता येत नाही. त्याला वेळेवर विचारावेच लागते. वडिलांना मी विचारले नाही. २००३ मध्ये ते गेले.

म्हणून मला हा प्रश्न केवळ सुट्टी कशी घालवावी याचा वाटत नाही. ठेवी बुडतातही. २०१६ च्या एप्रिलमध्ये दिल्लीचे राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालय एका रात्रीत आगीत गेले. २०१८ मध्ये ब्राझीलच्या राष्ट्रीय संग्रहालयाची तीच गत झाली. कोणी येत-जात असेल तिथे गळके छप्पर दिसते, बोभाटा होतो, तरतूद होते. निर्जन दालनाची तक्रार कोण करणार? ज्या शाखेत खातेदार येत नाहीत, तिथला पंखासुद्धा कोणी दुरुस्त करत नाही.

मग करायचे काय? मला माझ्या धंद्यातलेच उदाहरण सुचते. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. तेव्हा देशात बँकांच्या सुमारे ८ हजार शाखा होत्या. १९९० पर्यंत त्या ६० हजारांच्या घरात गेल्या. शेतकऱ्याने शहरात यावे, अशी वाट पाहत बँक बसली नाही, ती गावात गेली. त्यात दोष नव्हते असे नाही. थकलेली कर्जे आणि काउंटरवरची बेपर्वाई मी आतून पाहिली आहे. पण पासबुक हातात आल्यावर माणसाची मान कशी वर होते, हेही मी पाहिले आहे. संग्रहालयांना असाच शाखाविस्तार हवा. शिवाजी महाराज संग्रहालयाने २०१५ पासून बसमध्ये फिरते संग्रहालय सुरू केले, ती या वाटेवरची चांगली सुरुवात. तळघरांत ठेवलेल्या वस्तूंपैकी पन्नास वस्तू वर्षभर कल्याणला का येऊ नयेत? उपनगरी पालिकांच्या नाट्यगृहांच्या मोकळ्या दालनांत त्या का मांडू नयेत? आठवड्यातून एक संध्याकाळ नोकरदारांसाठी उशिरापर्यंत दारे उघडी का नसावीत? आणि मराठी मजकूर मथळ्यापुरता न राहता सबंध का नसावा?

पैसा लागेल, हे बँकवाल्याला कोणी सांगायला नको. पण पुण्याचे दिनकर केळकर आठवा. मुलगा गेला, त्याच्या नावाने त्यांनी दिवे, अडकित्ते, दौती, दरवाजे असे घरोघरीचे सामान वेचून वीस हजारांवर वस्तू जमवल्या आणि सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. आपण अडकित्ता भंगारात देतो. त्यांनी तो काचेत ठेवला. एका माणसाला जे जमले, ते एका नगरपालिकेला जमणार नाही?

दुपारी दादरला शिवाजी मंदिरात बालनाट्य पाहिले आणि संध्याकाळी मेगाब्लॉकच्या गर्दीतून उभ्याने डोंबिवलीला आलो. नात सौ.च्या कमरेला बिलगून उभी होती. दोन दिवसांच्या खर्चात सर्वांत स्वस्त होती लोकल आणि सर्वांत महाग एक साधी कॉफी, हे हिशेबनीसाच्या सवयीने सांगून टाकतो.

नातवाला मी ते रजिस्टर आणि ते बेवारस पैसे, सगळे गाडीत सांगितले होते. ठाणे गेल्यावर त्याने विचारले, "आजोबा, असं बंद पडलेलं खातं परत चालू करायला काय करावं लागतं?"

म्हटले, "फार काही नाही. स्वतः जायचं, ओळख पटवायची आणि एक छोटासा व्यवहार करायचा."

त्याने थोडा विचार केला. मग म्हणाला, "पुढच्या वेळी बारादेवीला जाऊ. खरा शिव बघायला."